टाकी रिकामी करण्याबाबत

पाण्याची टाकी भरलेली असेपर्यंत कुणाला दिसत नाही. बेंगळुरूत हेब्बाळच्या आमच्या सोसायटीतली टाकी मात्र दोन वर्षं सगळ्यांना दिसते आहे, कारण ती थोडी थोडी करून खाली येते आहे.

टाकी चार खांबांवर उभी आहे आणि तिच्या सावलीत अंबुबाई इस्त्री करतात. सकाळी आल्यावर टेबलावरच्या काँक्रीटच्या कपच्या झाडायच्या, मग चादर अंथरायची, हा त्यांचा नेम.

आमचं भाग्य असं की बत्तीसपैकी सत्तावीस घरांत निवृत्त इंजिनिअर आहेत (उरलेल्या पाचांत त्यांचे जावई). त्यामुळे दुरुस्तीचा निर्णय भावनेच्या भरात होण्याची भीती नव्हती. काँक्रीट हातोडीने ठोकून बघतात. चांगलं खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द. सेक्रेटरी अरविंदरावांनी ठोकलं. बद्द. पण दुसऱ्याच्या ठोकण्यावर विसंबणं शिस्तीत बसत नसल्याने सत्तावीस जणांनी आपापल्या हातोडीने स्वतंत्र तपासणी केली. तपासणीअंती पाऊण पोतं काँक्रीट अंबुबाईंच्या टेबलावर जमा झालं आणि सळया उघड्या पडल्या. अहवालात नोंद झाली: 'झीज झपाट्याने वाढत आहे.'

मग चामराजपेटेतून कंत्राटदार गुरुराज आले. सात पिढ्यांचे बेंगळुरूकर. त्यांनी काहीही न ठोकता नुसतं वर पाहिलं.

"सुटलेलं सगळं तोडायचं, साहेब. सळया घासायच्या, गंजून बारीक झाल्यात तिथं नव्या, त्यावर जाळी. मग पाइपातून दाबानं काँक्रीट मारायचं. मग सात दिवस ओलं ठेवायचं. सरी?"

"सरी, ठीक," सत्तावीस जण म्हणाले.

"टाकी बारा दिवस रिकामी."

इथे चर्चेला तांत्रिक वळण लागलं. इतिवृत्तातल्या हरकती अशा: एकांकडे पाहुणे येणार आहेत (दोन वर्षं येणार आहेत). एकांचा खांदा बादली उचलत नाही (बॅडमिंटनची रॅकेट उचलतो). अकरा जणांना जाळीच्या सळईची जाडी अमान्य. एका बाईंना त्याच आठवड्यात केसांना मेंदी लावायची आहे (ती मी).

"पाणी आत ठेवून नुसतं बाहेरून मारलं तर?" अरविंदरावांनी विचारलं.

"पेशंट क्रिकेट खेळत असताना ऑपरेशन करा म्हणता," गुरुराज म्हणाले आणि स्कूटर सुरू केली.

त्यानंतर नऊ सभा झाल्या. नवव्या सभेत एकमताने अंतरिम उपाय मंजूर झाला: अंबुबाईंना एक पिवळं हेल्मेट. आकार मध्यम. टाळ्या.

"अक्का, हे घालून वाकलं की डोळ्यांवर येतंय," अंबुबाई मला म्हणाल्या. "तुमच्या साहेबांचा शर्ट जळंल माझ्या हातून."

"मग करता काय त्याचं?"

"कपड्यांवर ठेवते. धूळ बसत नाही स्वल्पसुद्धा."

शुक्रवारी सकाळी परातीएवढा तुकडा खाली आला. टेबल मधोमध मोडलं. अंबुबाई तेव्हा माझ्या दारात साडी घ्यायला आल्या होत्या. आवाज ऐकून त्या पायरीवरच बसल्या. मी नळाचं पाणी दिलं. काय धार होती नळाला!

"आता तरी रिकामी करतील ना, अक्का?"

तातडीच्या सभेत अरविंदरावांनी निवेदन वाचलं: हेल्मेट योजना यशस्वी, इस्त्रीचे कपडे शंभर टक्के सुरक्षित, नवं टेबल त्याच जागी (तिथेच सावली असते). मग टाकी रिकामी करण्यावर मतदान झालं. विरोधात एकतीस. बाजूने एक (मेंदी लावून झाली होती).

तुम्ही हसलात, हरकत नाही. फक्त तुमच्या टाकीखाली कोण बसतं, तेवढं एकदा खाली जाऊन बघून या. घाई नाही. आधी आंघोळ उरकून घ्या, नळाला पाणी आहे तोवर.