भूल चढेपर्यंतची पानं

दातांच्या डॉक्टरांना जगातल्या बहुतेक थोर कादंबऱ्यांचे शेवट माहीत होते. वाचलेली मात्र एकही नव्हती. कॉलेजात असताना सारांशांचं एक जाडजूड पुस्तक त्यांच्या हाती लागलं होतं. त्याच्या जोरावर त्यांनी पुढचं सगळं आयुष्य काढलं. घरात कुणी कादंबरी उघडली, की "ही होय? यात नवराच चोर निघतो," असं सांगून ते पुन्हा पेपरात डोकं घालत.

याचा सगळ्यात जास्त मार त्यांच्या लेकीने खाल्ला होता. ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली, आणि तिचा रविवारचा फोन "जेवलात का? गोळी घेतलीत का? ठेवू?" एवढ्यातच आटपायला लागला. डॉक्टरांना हे लागत होतं, पण बोलावं काय हे सुचत नव्हतं. एका रविवारी त्यांनीच विषय काढला.

"काय वाचतेयस सध्या?"

"नाही सांगणार."

"का गं?"

"तुम्ही शेवट सांगाल."

"माहीत असला तर सांगितला. त्यात काय बिघडतं?"

"बाबा, शेवट कळला की माणूस विचार करायचा थांबतो. तुम्ही एकदा स्वतः वाचून बघा ना. मागची पानं न उलटता. जिथे अडाल तिथे थांबा, आणि रविवारी मला सांगा, ती माणसं अशी का वागली असतील."

आठवड्याभरात पुस्तक आलं. सव्वाशे वर्षांपूर्वीची कादंबरी, तीन भाग एकाच बांधणीत, जाडी उशीएवढी. सारांशांच्या पुस्तकात ती नव्हती. लेकीने ते तपासूनच पाठवली होती.

डॉक्टर दवाखान्यातच वाचायला लागले. इंजेक्शन दिल्यावर भूल चढेपर्यंतचा वेळ त्यांना आजवर खिडकीबाहेर बघण्यात घालवावा लागत असे. आता ते खुर्चीशेजारच्या टेबलावरून पुस्तक उचलत, दोन-तीन पानं वाचत आणि हातात ड्रिल घेऊन विचारात पडत. कादंबरीतल्या एका विधवेने नवऱ्याची पिठाची गिरणी विकली होती, तीसुद्धा नवऱ्याला देशोधडीला लावणाऱ्या माणसाला. का विकली, ते लेखकाने सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला काय वाटतं?" डॉक्टर खुर्चीतल्या पेशंटला विचारत. "सूड असेल, की नुसता कंटाळा?"

"आ," पेशंट म्हणे.

"मलाही तसंच वाटतं."

रविवारचे फोन लांबले. गिरणीवर बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं, आणि फोन ठेवल्यावर डॉक्टरांना इतकं बरं वाटलं की त्यांनी गोळीही स्वतःहून घेतली. आता एकच धास्ती होती. कुणी शेवट सांगितला तर? लेक हुशार होती. बोलण्यावरून तिने ते ओळखलं असतं, आणि फोन परत गोळीवर आला असता.

त्यांनी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. पुस्तक झाकल्यामुळे प्रत्येक पेशंट ते कुठलं म्हणून विचारायला लागला. मग त्यांनी काउंटरवरच्या ताईंना सांगितलं, की वेळ देतानाच ही कादंबरी वाचली आहे का, ते विचारून घ्यायचं.

ताई फार वर्षं दवाखान्यात होत्या. अर्धं तोंड बधिर झालेली माणसं काउंटरशी जे काही बोलत, ते फक्त त्यांनाच कळत असे. डॉक्टरांना स्वतःला त्यातलं अक्षर कळत नसे. ताईंनी कसलीही शंका न काढता फोनवर विचारायला सुरुवात केली.

"वाचली नाही हो," एक बाई काळजीने म्हणाल्या. "वाचून येऊ का? की जेवून आलं तरी चालेल?"

वाचलेलं कुणीच निघालं नाही. डॉक्टर निर्धास्त झाले, आणि नेमके त्या मंगळवारी वेळ न घेता निवृत्त पोस्टमास्तर आले.

पोस्टमास्तर खुर्चीत टेकले. कव्हर एका कोपऱ्यात फाटलं होतं. त्यांनी मान तिरकी करून नाव वाचलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, ही? डॉक्टर, यातली ती गिरणीवाली बाई शेव—"

डॉक्टरांनी आरसा तोंडात घातला.

"आ करा. मोठा. बोलायचं नाही."

एरवी डॉक्टर आधी पेशंटची तक्रार ऐकून घेत. त्या दिवशी त्यांनी ती ऐकण्याची जोखीम पत्करली नाही. खालच्या उजव्या दाढेला कीड दिसत होती. तेवढी त्यांना पुरली. पोस्टमास्तर हातवारे करून डावीकडे बोट दाखवायला लागले. डावीकडे टेबल होतं आणि टेबलावर पुस्तक.

"कळतंय मला," डॉक्टर इंजेक्शन भरत म्हणाले. "पण अजिबात सांगायचं नाही."

पोस्टमास्तरांनी आणखी एकदा बोट दाखवलं. डॉक्टरांनी त्यांच्या गालात कापसाचा आणखी एक बोळा सरकवला. दाढ उत्तम भरली गेली. पोस्टमास्तर काउंटरपाशी जाऊन बराच वेळ काहीतरी बोलले, आणि ताई आत आल्या.

"डॉक्टर, ते म्हणतायत, दुखत होती ती डावी."

डॉक्टर खाली बसले. उजवीलाही कीड होती, हे त्यातल्या त्यात नशीब. त्यांनी बाहेर जाऊन हात जोडले आणि पुढच्या मंगळवारची वेळ दिली. पोस्टमास्तर भला माणूस. त्यांनी मान हलवली, पण जाताना त्यांची नजर पुन्हा पुस्तकाकडे गेली.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी कादंबरी संपली.

शेवटचं पान वाचून डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. आजवर शेकडो शेवट त्यांना माहीत होते, पण त्यांतल्या एकाही शेवटापर्यंत ते चालत गेले नव्हते. कुणाशी तरी बोलायलाच हवं होतं. रविवार लांब होता. मधेच फोन केला तर लेक म्हणाली असती, "घाई नको बाबा, आठवडाभर विचार करा." मग त्यांना आठवलं, उद्या मंगळवार. पोस्टमास्तर येणार आणि पोस्टमास्तरांनी ती वाचली आहे.

मंगळवारी त्यांनी आधी विचारलं, "कुठली?"

"डावी."

"खालची?"

"खालची. आणि डॉक्टर, मला एक विचारा—"

"विचारायचं काय, बोलूच आपण. आधी आ करा."

भूल दिली, ड्रिल सुरू झालं, आणि डॉक्टर बोलायला लागले. ती विधवा तिसऱ्या भागात परत येते आणि त्याच गिरणीत रोजाने कामाला लागते. शत्रू तिला ओळखतो, पण तोंडातून शब्द काढत नाही. शेवटी गिरणी बंद पडते, तेव्हा किल्ली तो तिच्याच हातात ठेवतो. पोस्टमास्तरांनी हात हलवले. मग पाय हलवले.

"या वेळी डावीच आहे," डॉक्टर म्हणाले. "निश्चिंत राहा. तर ती किल्ली घेते, आणि समोरच्या नदीत टाकते! तिथे मी अक्षरशः उठून उभा राहिलो."

पोस्टमास्तरांनी डोळे मिटून घेतले.

चूळ भरून झाल्यावर ते जे काही बोलले, त्यात डॉक्टरांना फक्त सूर कळला. त्यांनी ताईंना हाक मारली.

"ते म्हणतायत," ताई म्हणाल्या, "की ते अजून पहिल्या भागात होते. तिनं गिरणी शेवटी विकलीच का, एवढंच तुम्हाला विचारायचं होतं. ग्रंथालयातून दोन महिने वाट बघून मिळालीय म्हणतायत."

डॉक्टरांच्या हातातलं ड्रिल खाली आलं. लेकीने इतकी वर्षं काय सोसलं असेल, याचा अंदाज त्यांना पोस्टमास्तरांच्या तोंडाकडे बघून आला.

"मास्तर, चुकलं माझं," ते म्हणाले. त्यांनी घाईघाईने खण उघडला आणि आत ठेवलेलं नवं पुस्तक काढलं. "ही बघा, कालच आली. लेकीनं पुढची पाठवलीय. पहिल्याच पानावर घर जळतं, आणि कुणी जाळलं ते कळत नाही. मी अजून तेवढंच वाचलंय. ही आपण दोघं बरोबर वाचू. रोज थोडी थोडी. थांबत, विचार करत."

पोस्टमास्तरांनी पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. त्यांचा चेहरा जेवढा हलत होता तेवढा उजळला. ते बोलायला लागले आणि बराच वेळ बोलत राहिले. मधे एकदा त्यांनी काडी ओढल्यासारखा हात केला, एकदा स्वतःच्या छातीवर थोपटलं. डॉक्टरांना काहीच कळलं नाही, पण सूर गोड होता. त्यांनी पोस्टमास्तरांचा हात हातात घेऊन दाबला, आणि पोस्टमास्तर प्रसन्न चेहऱ्याने, एका बाजूने हसत निघून गेले.

"माणूस मोठ्या मनाचा," डॉक्टर म्हणाले. "काय म्हणाले?"

"पुढच्या मंगळवारी इंजेक्शन नाही ना, म्हणाले. मी म्हटलं, नाही, नुसतं दाखवायला या."

"एवढंच? इतका वेळ बोलत होते."

"पुस्तकाबद्दल होतं," ताई रजिस्टर मिटत म्हणाल्या. "हे त्यांचं दोनदा वाचून झालंय."

डॉक्टरांचा हात आरशाकडे गेला. पण ताई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या दातांना काहीही झालेलं नव्हतं.

"घर थोरल्या भावानंच जाळलं, म्हणाले."