एका दिवसात चारशे बारा लॉगिन

सोमवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी दाखले विभागाच्या मुख्य कारकुनांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, आपल्या संगणकात पासवर्ड घातला. संगणकाने तो बरोबर असल्याचं मान्य केलं, पडदा काळा केला, उसासा टाकावा तेवढा वेळ घेतला आणि पुन्हा पासवर्ड मागितला. भाऊसाहेबांनी पुन्हा दिला. पुन्हा मान्य, पुन्हा काळोख, पुन्हा मागणी. अकराव्या खेपेला भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. पासवर्ड चुकला असं यंत्र म्हणालं असतं, तर माणूस आपलीच चूक समजून गप्प तरी बसला असता. हे यंत्र 'अगदी बरोबर' म्हणायचं आणि दाराबाहेर काढायचं. पंचवीस वर्षं वरिष्ठांच्या हाताखाली काढलेल्या भाऊसाहेबांना ही तऱ्हा नवी नव्हती, पण यंत्राला ती इतक्या लवकर जमेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

झालं होतं असं की शनिवारी उपसंचालक साहेबांनी या यंत्रावर लिनक्स या संगणक प्रणालीची बीटा आवृत्ती, आणि तिच्यासोबत अर्जांची नवी प्रणाली, बसवून घेतली होती. बीटा म्हणजे अजून चुलीवर असलेली, चाखायला दिलेली आवृत्ती. ती हौशी माणसाने घरी बसवायची, मोडली तर बनवणाऱ्यांना कळवायचं, अशी साधी रीत. पण साहेबांना सगळ्या कचेऱ्यांत पहिलं यायचं होतं, आणि तयार गोष्ट वापरून कुणी पहिलं येत नाही.

एरवी भाऊसाहेबांनी शांतपणे चहा मागवला असता. यंत्र बंद म्हणजे काम बंद, आणि त्यात दोष यंत्राचा. नोकरीत याहून निर्मळ सुख नाही. पण हा आठवडा वेगळा होता. त्यांच्या मुलीला वास्तुकलेच्या कॉलेजात जागा मिळाली होती, तीन वर्षं डोळे फोडून अभ्यास केल्यावर. शुक्रवारी पाचच्या आत रहिवासाचा दाखला जोडला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती. आणि दाखल्यावर सही उमटायची ती फक्त भाऊसाहेबांच्या यंत्रातून. मुलगी आपल्याच घरात राहते हे भाऊसाहेबांना पक्कं ठाऊक होतं; न्हाणीघरावरून रोज तिच्याशी वाद व्हायचा. पण बापाला ठाऊक असणं वेगळं आणि कचेरीला ठाऊक असणं वेगळं.

मंगळवारी तंत्रज्ञ बाई आल्या. त्यांनी यंत्राकडे दोन मिनिटं पाहिलं आणि हसल्या.

"भाऊसाहेब, तुमचा पासवर्ड सोन्यासारखा आहे. गडबड ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची आहे. पडद्यावर चित्र उमटवण्याचं काम त्याचं. तो जुन्या प्रणालीसाठी बनलेला, नवीशी त्याचं पटेना. तुम्ही आत जाता, तो चित्र काढायला घेतो, तोंडावर पडतो, आणि पडताना तुम्हालाही बाहेर ओढतो."

"मग आता?"

"मग काय! नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर जायचं, हा ड्रायव्हर काढायचा, साधा चालवायचा. पाच मिनिटांचं काम."

"अहो, मग करा की!"

"करते. साहेबांना तेवढं विचारा."

साहेबांनी दोघांनाही उभं ठेवून ऐकून घेतलं. मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "भाऊसाहेब, ही चाचणी आहे. चाचणीत सापडलेला दोष ही कचेरीची मालमत्ता. तज्ज्ञ समिती बघायला येईल तेव्हा तुम्ही तिला काय, चालू यंत्र दाखवणार?"

"पण साहेब, बाहेर रांग लागलीय."

"मग दोषाचा अहवाल भरा ना. सोय केलेली आहे. लॉगिन केलंत की डाव्या बाजूला दिसेल."

लगेच एक परिपत्रकही निघालं. कर्मचाऱ्यांनी खचून न जाता लॉगिनचे प्रयत्न चालू ठेवावेत. शिवाय सगळ्या विभागासाठी 'पासवर्ड घालताना घ्यावयाची काळजी' या विषयावर दोन तासांचं प्रशिक्षण. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. प्रशिक्षणाला भाऊसाहेबांना पहिल्या रांगेत बसवलं आणि कोणतं बोट कोणत्या कळीवर ठेवायचं ते शिकवलं.

भाऊसाहेब आज्ञाधारक माणूस. मिनिटाला दोन या हिशेबाने ते पासवर्ड घालत राहिले. बुधवारपर्यंत पासवर्ड त्यांना झोपेतही येऊ लागला. खिडकीबाहेरचे लोक आत वाकून बघायचे, आणि इतक्या तन्मयतेने टंकणारा कारकून आयुष्यात प्रथमच बघितल्यामुळे आदराने मागे सरकायचे.

गुरुवारी साहेब स्वतः टेबलापाशी आले, हातात पुष्पगुच्छ. भाऊसाहेबांना वाटलं, आपल्याला निरोप देतायत.

"भाऊसाहेब, कमाल केलीत! मंगळवारी एका दिवसात चारशे बारा लॉगिन. चारशे बारा अर्ज निकाली. पूर्वी किती काढायचात हो तुम्ही? अकरा? बारा?"

"साहेब, एकही दाखला निघालेला नाही. मी आतच गेलेलो नाही."

साहेबांनी त्यांना प्रेमाने समजावलं. नव्या प्रणालीत कर्मचारी आत आला की रांगेतला पहिला अर्ज त्याच्या नावावर चढतो, आणि तो बाहेर पडला की अर्ज हातावेगळा झाला असं धरतात. काम संपवल्याशिवाय कारकून जागेवरून उठत नाही, या गृहीतकावर सगळी रचना उभी होती. रचना करणाऱ्याने कधी कचेरीत पाऊल टाकलं नसावं.

"पण दाखला निघाला की नाही, ते—"

"तो रकानाच नाही अहवालात. लॉगिन आहे, निकाली आहे, आणि तारे आहेत. लोकांनी सरासरी चार पूर्णांक नऊ तारे दिलेत तुम्हाला! आता जनतेपेक्षा तुम्ही शहाणे का?"

त्यांनी शाबासकीचं पत्र हातात ठेवलं. बढतीच्या यादीत नाव घातल्याचं खाली लिहिलं होतं. भाऊसाहेबांनी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. खोटं कशाला बोलावं, त्यांना बरं वाटलं. पंचवीस वर्षांत त्यांना कुणी फूल दिलं नव्हतं.

साहेब गेल्यावर तंत्रज्ञ बाई डोकावल्या आणि हळूच म्हणाल्या, "आत्ता करून टाकू का? कुणाला कळणारही नाही."

दुरुस्त केलं, तर उद्या चारशेचं एक लॉगिन होणार. भाऊसाहेब गुच्छाकडे बघत म्हणाले, "उद्या बघू."

शुक्रवारी साडेतीनला मुलगी खिडकीत येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"बाबा, दीड तास उरलाय. तुम्ही म्हणाला होतात ना, होईल म्हणून?"

बढती गेली खड्ड्यात! भाऊसाहेब तसेच उठले आणि तासाभराच्या शोधाशोधीनंतर तंत्रज्ञ बाईंना हात जोडून घेऊन आले. बाईंनी तीन कळा एकदम दाबल्या, काळ्या पडद्यावर चार ओळी लिहिल्या आणि यंत्र बंद करून चालू केलं. भाऊसाहेबांनी पासवर्ड घातला. पडदा काळा झाला, आणि मग हळूहळू उजाडलं. निळा डोंगर, वर ढग, खाली ओळीने सगळी चिन्हं! पाच मिनिटंही लागली नव्हती.

त्यांनी मुलीचा अर्ज उघडला. वर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मंगळवारी निकाली. नागरिक पूर्ण समाधानी, पाच तारे. सेवा मिळाल्याची पोच समजून प्रकरण कायमचे बंद.'

"अगं, हे काय? तू पाच तारे दिलेस?"

"कसले तारे? हां, तो मेसेज आला होता. दिले."

"दाखला हातात नाही आणि समाधानी कशाने झालीस गं?"

"बाबा, वाचतं कोण ते! तारे दिल्याशिवाय पडद्यावरून हलतच नव्हता. आणि पाचच द्यायचे असतात. चार दिले की कारण विचारतात."

नवा अर्ज केला तर एकवीस दिवस. घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी. कोपऱ्यात 'बंद प्रकरण पुन्हा उघडा' असं बारीक बटण होतं. भाऊसाहेबांनी तिकडे बाण नेला, तेवढ्यात त्यावर एक चौकट येऊन बसली: 'बीटा प्रणालीचा अनुभव कसा वाटला?' भाऊसाहेबांनी दात ओठ खाऊन एक तारा दाबला. 'क्षमस्व. कृपया नाराजीचे कारण किमान दोनशे शब्दांत लिहा.' त्यांनी दहा शब्द लिहिले, घड्याळ पाहिलं, मुलीचे भरून आलेले डोळे पाहिले, आणि मागे जाऊन पाच तारे दाबले.

चौकट गेली. खालचं बटण फिकट झालं. शेजारी लिहिलं होतं: 'समाधानी कर्मचाऱ्यांना हा पर्याय लागत नाही.'

मुलगी खिडकीच्या कट्ट्यावर डोकं टेकून रडली. भाऊसाहेब बाहेर येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. रांगेतले लोक खाली मान घालून मोबाईलकडे बघत होते, कारण प्रत्येकाला नुकताच एक मेसेज आला होता.

हसताय? हसा. पण परवा तुमच्याही मोबाईलवर तसली चौकट आली होती, आणि न वाचता, ती एकदाची जावी म्हणून, तुम्ही काय दाबलंत ते जरा आठवा. साहेबांच्या चार पूर्णांक नऊमध्ये तुमचेही पाच आहेत.