मावशीचे रविवार

विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाने ठराव केला, की यापुढे ज्याला अध्यक्षपदासाठी उभं राहायचं असेल त्याने आधी तीन महिने समाजसेवा केलेली असावी. त्या आठवड्यात शहरातल्या पदवीधरांना एकाएकी माणुसकीचा पाझर फुटला.

खरेदीसाहेबांनाही फुटला. एका कारखान्याचा खरेदी विभाग सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता, म्हणून सगळे त्यांना खरेदीसाहेब म्हणत. आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि त्यानंतर आपल्याला साहेब कोण म्हणणार, या काळजीने ते पोखरले जात होते. संघाच्या अध्यक्षाला विद्यापीठात स्वतंत्र खोली होती. दारावर नावाची पाटी, दाराबाहेर शिपाई आणि समारंभात मधली खुर्ची. त्या खुर्चीसाठी म्हातारी माणसं लागत असतील तर म्हातारी माणसं. इतकी वर्षं नट-बोल्ट मिळवले, तशी तीही मिळवू, असा साहेबांचा हिशेब होता.

पण बाजारात मालच नव्हता.

"रविवार सगळे भरलेत," वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकबाई फोनवर म्हणाल्या. "सकाळी वकिलांची बॅच येऊन नखं कापते. दुपारी इंजिनियरांची बॅच गाणी म्हणते. संध्याकाळी आम्ही त्यांना जरा पडू देतो."

"एखादे तरी आजोबा मोकळे असतील?"

"एक होते. काल बँकवाल्यांनी घेतले."

अनाथालयाने तर सांगितलं, की मुलांच्या परीक्षा जवळ आल्यात, सध्या कृपा करून कोणी त्यांना आनंद देऊ नये.

साहेब सोफ्यावर सुन्न होऊन बसले. बायको इस्त्री करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अहो, तुमची मावशी आहे की. एकटी असते. नळ ठिबकतोय म्हणून किती वेळा फोन आला तिचा."

"नातेवाईक चालत नाहीत. ती सेवा धरत नाहीत."

"मग काय धरतात?"

"कर्तव्य."

"ते तरी कधी केलंत?"

साहेबांनी वर्तमानपत्र उघडून समोर धरलं. अशा वेळी त्याचा चांगला आडोसा होई.

महिनाअखेरीला संघाचं मासिक आलं. पहिल्याच पानावर दातांचे डॉक्टर होते. कॉलेजात वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीपासून हा माणूस साहेबांच्या आडवा येत आला होता. फोटोत त्यांच्या हातात पाना होता, चेहऱ्यावर करुणा होती आणि शेजारी खुर्चीत एक म्हातारी बसली होती. वर मोठा मथळा होता, 'आमचे माजी विद्यार्थी समाजसेवा का करतात?' डॉक्टरांनी त्याचं उत्तर दिलं होतं. 'देण्यासारखा आनंद नाही. या निराधार वृद्धेला जगात कोणीही नाही. हिच्या डोळ्यांत मला माझी आई दिसते.' डॉक्टरांची आई त्यांच्याच घरी मागच्या खोलीत असे आणि तिला डॉक्टर जेवणाच्या वेळी दिसत, तेही दिसले तर.

बायकोने चष्मा लावून फोटो जवळ धरला. "अहो, ही निराधार म्हणजे मावशीच आहे."

साहेब तसेच उठून मावशीकडे गेले. मावशी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती आणि तिची पुस्तकं राहत.

"मावशी, तू निराधार आहेस म्हणून छापलंय."

"छापू दे. संघाचा माणूस आला होता. म्हणाला, आजी, तुमच्याकडे कोण येतं? म्हटलं, दूधवाला येतो."

"माझं नाव नाही सांगितलंस?"

"आठवलं असतं तर सांगितलं असतं रे."

साहेबांनी हा घाव गिळला. मोठ्या खुर्चीवर नजर असली की माणसाला पुष्कळ काही गिळता येतं. "आता त्या डॉक्टरला सांग, येऊ नका म्हणून. यापुढे मी येत जाईन. फक्त कोणी विचारलं तर मी तुझा मानलेला भाचा आहे असं सांगायचं."

"मानलेला? तुझ्या आईच्या पाठची मी. तुझी लंगोटं धुतलीत मी."

"ते नको सांगूस."

तेवढ्यात डॉक्टर आले. बरोबर कॅमेरा घेतलेले त्यांचे मेहुणे होते. साहेबांना पाहून डॉक्टर दारातच थबकले.

"साहेब, ही म्हातारी माझी आहे. तुम्ही दुसरी बघा."

"ती माझी मावशी आहे."

"मग इतकी वर्षं होतात कुठे?"

साहेब तडक नळाकडे गेले. डॉक्टरांनी गेल्या रविवारी दुरुस्त केल्यापासून नळ ठिबकायचा थांबला होता आणि त्याची बारीक धार लागली होती. साहेबांनी पाना उचलला. डॉक्टरांनी दुसरा उचलला. एक डावीकडे फिरवू लागला, दुसरा उजवीकडे. दोघांचं चाळीस वर्षांचं वैर त्या एका नळाला सोसवलं नाही. तो उपटून हातात आला आणि पाण्याचा फवारा थेट मेहुण्यांच्या कॅमेऱ्यावर गेला.

डॉक्टरांनी अंगठा पाइपात खुपसला. पाणी थांबलं, पण अंगठा अडकला.

"मुख्य कॉक गच्चीत आहे," मावशी पलंगावर पाय वर घेत म्हणाली.

साहेब धापा टाकत गच्चीत गेले आणि दिसेल तो कॉक बंद करून आले. तो शेजारच्या बिऱ्हाडाचा निघाला. तिथे कोणीतरी डोक्याला साबण लावून उभं होतं, ते खिडकीतून बोलू लागलं. साहेब परत वर गेले. तोवर पाणी जिन्यावरून खाली उतरलं होतं. खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाई राहत. त्या एक ओला कोट हातात धरून वर आल्या.

"हे काय चाललंय?"

"समाजसेवा," मावशी म्हणाली.

प्लंबरला फोन केला तर तो वृद्धाश्रमात गेलेला. तिथे इंजिनियरांच्या बॅचने पाण्याची टाकी दुरुस्त केली होती.

एवढं होऊन, तेल लावून अंगठा सुटल्यावर शहाणी माणसं थांबली असती. पण आपण थांबलो तर म्हातारी दुसऱ्याला जाईल, ही धास्ती दोघांनाही होती. शेवटी नात्याबद्दल दोघांनीही कुठे बोलायचं नाही असं ठरवून त्यांनी तिची वाटणी केली. सकाळी डॉक्टर, दुपारी साहेब. डॉक्टरांनी तिचे दात तपासले आणि जो दुखत नव्हता तो काढला. साहेबांनी तिचं स्वयंपाकघर कारखान्याच्या गोदामासारखं लावून दिलं, त्यानंतर तिला कित्येक दिवस मीठ सापडलं नाही. डॉक्टर तिला हाताला धरून फिरायला नेत. ती रोज पहाटे एकटी टेकडी चढून येते, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. साहेब तिला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत. ते तिने सकाळीच वाचलेलं असे, त्यामुळे ती मधून मधून पुढची ओळ सांगे.

रविवारी दुपारी मावशीकडे तिच्या तीन मैत्रिणी पत्ते खेळायला येत असत. दोनदा त्यांचेही फोटो निघाले आणि खाली 'आणखी काही निराधार' असं छापून आलं. तेव्हापासून त्या यायच्या बंद झाल्या.

"तुम्ही दोघं हे किती दिवस करणार?" मावशीने एकदा विचारलं.

"निवडणूक होईपर्यंत," साहेबांच्या तोंडून खरं निसटलं. मग सावरून ते म्हणाले, "म्हणजे, नंतरही. सेवेला अंत नसतो."

मावशीचा चेहरा उतरला.

निवडणुकीच्या सभेला सभागृह गच्च भरलं. डॉक्टर आणि साहेब मावशीला दोन्ही दंडांना धरून घेऊन आले आणि पहिल्या रांगेत तिला मध्ये घेऊन बसले. पुरावा कोणाच्या बाजूला जास्त कलला आहे, हे दोघेही तिरक्या नजरेने बघत होते. भाषणं झाली. डॉक्टर म्हणाले, सेवा माझा श्वास आहे. साहेब म्हणाले, सेवा माझा प्राण आहे. मागे बसलेल्यांचेही रविवार तीन महिने असल्याच कामात गेले होते. ते जांभया देत होते.

"आणखी कोणी उमेदवार?" निवडणूक अधिकाऱ्यांनी रिवाज म्हणून विचारलं.

मावशी उठून उभी राहिली. साहेबांनी तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला.

"आजी, उमेदवार आपल्या विद्यापीठाचा पदवीधर लागतो," अधिकारी समजुतीने म्हणाले.

"मी भूगोलाची. तुमच्या सगळ्यांच्या आधीची."

"आणि समाजसेवा?"

"हे दोघं." मावशीने दोन्हीकडे हात केला. "तीन महिने झाले, दर रविवारी. यांना घरात कोणी विचारत नाही. मी सांभाळले. हवं तर यांच्या बायकांना विचारा."

बायकांच्या बाजूने टाळ्या पडल्या. त्यात आपल्या बायकोची टाळी साहेबांनी नेमकी ओळखली.

"निवडून आलात तर काय करणार, ते सांगा," मागून कोणीतरी म्हणालं.

"एकच. समाजसेवेचा ठराव रद्द."

जांभया देणारे सावरून बसले. मग हात वर होऊ लागले. वकिलांची बॅच, इंजिनियरांची बॅच, बँकवाले. मेहुण्यांचा हात गेला, त्यांच्या पाठोपाठ खुद्द डॉक्टरांचा गेला. साहेबांनी डॉक्टरांकडे तुच्छतेने पाहिलं आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपलाही हात वर आहे.

पुढच्या रविवारी शहरातले सगळे गरजू पोटभर झोपले.

दुपारी साहेबांना घरात करमेना. ते या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. शेवटी बायकोने त्यांच्या हातात पिशवी दिली आणि सांगितलं, भाजी आणा नाहीतर कुठेही जा. साहेबांचे पाय मावशीच्या जिन्याकडे वळले. आतून पत्ते पिसल्याचा आवाज येत होता. त्यांनी बेल वाजवली.

मावशीने दार किलकिलं करून आधी त्यांचे हात पाहिले, मग पिशवी उघडून पाहिली. पाठीमागे जिन्यावरही नजर टाकली.

"एकटाच आलायस?"

"हो. सहज आलो. काम काही नाही."

तिने दाराची साखळी काढली. मग दार उघडून म्हणाली, "ये, बस. चहा मिळेल. पण कशाला हात लावायचा नाही."