फोरमनने बसवलेली शांतता

बाटल्यांच्या कारखान्यातली झाडून सगळी यंत्रं ज्याच्या शब्दाबाहेर नव्हती, त्या माणसाला घरातला एक कॉम्प्युटर गप्प करता येऊ नये? फोरमनना हे काही पटेना. तो गप्प करायचाच असं त्यांनी ठरवलं. बस्स, एवढंच ठरवलं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

कारखाना बंद पडला त्याआधीच फोरमनच्या कानांनी राजीनामा दिला होता. आयुष्यभर काचेवर काच आपटताना ऐकली, दुसरं काय व्हायचं! (कानात घालायचं यंत्र मुलाने आणून दिलं होतं. ते कपाटात डबीत सुखाने पडून होतं. ‘मी यंत्रं चालवली, आता यंत्राने मला चालवायचं?’ असा फोरमनचा सवाल होता.) घर चालत होतं ते बाईंच्या आवाजावर. बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत भाषा शिकवून शिकवून घसा तयार झालेला. अंधांसाठी बोलकी पुस्तकं काढणारी एक संस्था होती. तिची पुस्तकं बाई घरी बसून मोठ्याने वाचायच्या, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायच्या आणि पाठवून द्यायच्या.

कॉम्प्युटर मुलाचा. त्याने त्यावर जन्मभराच्या लढाया लढून घेतल्या आणि नोकरीला परगावी जाताना तो आईबापांच्या गळ्यात मारला. सुरू केला की तो असा घोंघावायचा की शेजारचे खिडकी लावून घ्यायचे. फोरमनना त्याचा त्रास नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

त्रास झाला तो संस्थेतल्या तपासनीस बाईला. तिचा फोन आला. फोरमनना कळावं म्हणून बाई फोन नेहमी स्पीकरवर आणि पूर्ण आवाजात ठेवायच्या.

“ताई, तुमच्या मागे पिठाची गिरणी आहे का हो?”

“कॉम्प्युटर आहे.”

“बघा बाई काहीतरी. वरचे लोक म्हणतायत, आता हे पुस्तक स्वच्छ आलं नाही तर दुसरी वाचक शोधू. माझ्या हातात काही नाही.”

बाईंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, “हे काम गेलं तर काय करायचं हो आपण?”

“मी आहे ना,” फोरमन म्हणाले. (या वाक्याने त्या घरात आजवर कोणालाही धीर आला नव्हता.)

फोरमननी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण उघडलं आणि लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. त्याचं टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची. कारखान्यात बेअरिंगचं दुखणं असंच ओळखतात. कान गेले तरी हाड इमानी असतं. एकेका भागाची नाडी पाहत ते पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाशी आले आणि दचकले. कार्डावरचा इवलासा पंखा हाडात शिरून किंचाळत होता.

“सापडला!” ते ओरडले. बाईंच्या हातातला पेला पडला.

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा दुकानदार भला माणूस. फोरमनच्या खुणा पाहून आणि आरडाओरडा ऐकून त्याने ओळखलं, काकांना बिनपंख्याचं कार्ड हवंय. पंख्याऐवजी त्यावर अॅल्युमिनियमच्या पात्यांचा भलामोठा गठ्ठा असतो. उष्णता त्यातून आपोआप निघून जाते. फळीवरचा खोका काढायला दुकानदार पाठमोरा वळला आणि नेमकी महत्त्वाची सूचना त्याने तेव्हाच दिली. ओठ दिसत नव्हते. फोरमननी मान डोलावली. न ऐकलेल्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायची, हा त्यांचा जुना शिरस्ता. त्यांच्या लग्नाची बोलणीसुद्धा अशीच पार पडली, असं बाईंचं म्हणणं होतं.

कार्ड बसलं. पण फोरमनच्या अंगात आता फोरमन संचारला होता. एक पंखा गुन्हेगार, मग त्याचे भाऊबंद कुठले साव? त्यांनी कॅबिनेटच्या मागचा पंखा काढला. पुढचाही काढला. झाकण घट्ट बसवलं, वर सोफ्याची उशी दाबली, आणि बटण चालू केलं.

“अहो!” बाईंनी छातीवर हात ठेवला. “अहो, मला घड्याळ ऐकू येतंय!”

त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुलला होता. फोरमनना घड्याळ ऐकू आलं नाही, पण तो चेहरा दिसला. कारखाना बंद झाल्यापासून आपल्या हातून काहीतरी नीट झालं असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

बाईंनी सबंध सकाळभर वाचलं. प्रकरण संपायला पानभर उरलं असताना पडदा काळा झाला. उशीखालून जळक्या प्लास्टिकचा वास आला. सकाळची सगळी मेहनत पाण्यात गेली. बाईंनी पुस्तक मिटून ठेवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्यांदा दुकानात जाताना बाई सोबत होत्या, कान म्हणून.

“काका, मी सांगितलं होतं ना, बाकीचे पंखे काढू नका म्हणून!” दुकानदार म्हणाला. “हे कार्ड स्वतः वारा घालत नाही. ते दुसऱ्याच्या वाऱ्यावर जगतं.”

नेमकं हे वाक्य फोरमनना स्वच्छ ऐकू आलं. बाई खूप वेळ शोकेसमधल्या वायरी बघत राहिल्या.

सुदैवाने कार्ड वाचलं होतं. दुकानदाराने ताटाएवढा एक पंखा दिला, आरामात फिरणारा. मागे तो बसला, उशी सोफ्यावर गेली आणि घरात पुन्हा शांतता नांदू लागली. स्क्रूड्रायव्हर लावून पाहिला तर आत नुसती एक गुणगुण. फोरमननी स्वतःची नेमणूकही करून टाकली: वाचन चालू असताना बाईंच्या मागे खुर्ची टाकून यंत्रावर देखरेख. बाईंची पाठ असल्यामुळे ओठ दिसत नसत, म्हणून पुस्तकाची दुसरी प्रत ते मांडीवर उघडून बसत आणि ओळीवर बोट ठेवून सोबत चालत. पुस्तक होतं खुनाचं. त्यांना ते भलतंच आवडलं. रोज अंघोळ करून, केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून ते त्या खुर्चीत कामावर हजर होत.

पहिली पाच प्रकरणं गेली आणि फोन आला.

“ताई, मशीनचा आवाज गेला हं. अगदी स्वच्छ!”

फोरमननी कॉलर ताठ केली.

“पण तो मागचा माणूस कोण आहे?”

“कोण माणूस?”

“एक माणूस कुजबुजतोय. तुम्ही जे वाचणार ते तो आधीच सांगतो. तुम्ही म्हणता, ‘दार उघडलं आणि आत आला तो...’ की हा मागून म्हणतो, ‘माळी!’ अहो, खुनी कोण तेही त्याने सांगून टाकलं. ताई, आमचे ऐकणारे डोळ्यांनी अधू आहेत, कानांनी नाही.”

वाचनात बुडालेल्या बाईंच्या कानावर हे कधी पडलंच नव्हतं. त्या हळूच वळल्या. मांडीवरचं पुस्तक फोरमननी मिटलं. आपण मनातल्या मनात वाचतो आहोत अशी त्यांची खात्री होती. (बहिऱ्या माणसाचं मन किती मोठ्याने बोलतं हे त्याला कोण सांगणार?) जुन्या पंख्याच्या घोंघावण्यात ते झाकलं गेलं असतं. आता फोरमननी स्वतःच्या हाताने ते झाकण काढलं होतं.

“पाचही प्रकरणं पुन्हा पाठवा,” तपासनीस म्हणाली. “आता मात्र शेवटचं, ताई.”

बाईंनी पुस्तक काढून घेतलं, खुर्ची नाही काढली. “बसा,” त्या म्हणाल्या, “पण ओठ मिटून.” फोरमन हात मांडीवर ठेवून, ओठ मिटून बसले. वाचण्यासारखं काही नव्हतं. ऐकू काही येत नव्हतं. बाईंची पाठ हलायची थांबली की प्रकरण संपलं, एवढंच त्यांना कळे.

पाठवण्यापूर्वी बाईंनी या खेपेला स्वतः ऐकून पाहिलं. पानभर ऐकलं आणि थांबवलं. पुन्हा लावलं, पुन्हा थांबवलं.

“काय झालं?” फोरमननी विचारलं.

“काही नाही.”

“माझं काही आहे का त्यात?”

“नाही हो. चालेल तसं.”

बाईंना खोटं बोलता येत नसे, आणि त्यांचे ओठ वाचण्यात फोरमनचा हातखंडा होता. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक स्पीकरच्या खोक्यावर टेकवलं आणि मूठ कानामागे दाबली. बाईंचा आवाज हाडातून आत आला. किती दिवसांनी आला! आणि त्याच्यामागे, जरा जरा वेळाने, कोणीतरी लांबलचक उसासा टाकत होतं, पार खोलातून, घरात मयत झाल्यासारखा.

“हा मी?”

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

“असं कधीपासून?”

“कारखाना गेल्यापासून,” बाई म्हणाल्या. “मला सवय झालीय. मी म्हटलं, त्यांनाही होईल.”

बाईंचे डोळे भरून आले. फोरमनना वाटलं, आपण एखादा विनोद करावा. सुचला नाही. आणि त्यांनी उसासा टाकला, जो या वेळी त्यांचा त्यांनाच छातीत कळला.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून फोरमननी आपली खुर्ची आपणच उचलली आणि दाराबाहेर जिन्यात नेऊन ठेवली. आत बाईंनी बटण दाबलं. शेवटची संधी होती. जिन्यातून कोणी आवाज करत येईल तर त्याला थोपवायचं, अशी नवी नेमणूक फोरमननी तिथल्या तिथे स्वीकारली. थोड्याच वेळात वरच्या मजल्यावरचे शिंपी अनवाणी, मांजराच्या पावलांनी उतरत आले. खुर्चीतल्या फोरमनकडे पाहून त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या.

फोरमन उठले, ओठांवर बोट ठेवलं, आणि अगदी त्यांच्या कानाशी लागून, जमेल तितकं हळू म्हणाले, “आत रेकॉर्डिंग चालू आहे. बिलकूल आवाज करायचा नाही.”

आतलं वाचन थांबलं. दार किलकिलं झालं. बाईंनी ओठ स्पष्ट हलवत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, “अहो, खुर्ची आणखी एक मजला खाली न्या.”