कागदावरचा मुलगा

"पोरगा का पोरी?" हॉस्पिटलच्या गेटवरच्या वॉचमननं डिस्चार्जचा कागद हातात घेत सहज विचारलं, आणि प्रेमलाबाईंनी तितक्याच सहज सांगून टाकलं, "नात आहे हो माझी."

वॉचमननं कागद नाकाजवळ नेला, लांब धरला, पुन्हा नाकाजवळ नेला. मग शांतपणे गेटची कडी घातली.

"कागदावं तं मेल लिवलाय. मेल म्हंजे पोरगा. तुमच्या हातान पोरी हाय. मंग मी कसा सोरू?"

प्रेमलाबाईंच्या मुलाची, श्यामसुंदर सावर्डेकरची, कानशिलं तापली. तशी ती गेले एक्केचाळीस दिवस तापलेलीच होती. पोरगी दहा आठवडे आधी जन्मली याचा राग. ती काचेपलीकडे नळ्यांत गुरफटलेली, नि आपण काचेअलीकडे चपला काढून उभे, याचा राग. तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर होता. दिवसभर ट्रक तोलायचे आणि संध्याकाळी वाशीच्या या हॉस्पिटलात येऊन सफिया सिस्टरला विचारायचं, "आज किती वाढलं?"

"पंधरा ग्रॅम."

"फक्त?"

"मग काय ट्रक आहे का तो? व्हा बाहेर!"

याचाही राग. अकराशे पन्नास ग्रॅमची पोर शेवटी अठराशे दहावर आली, डॉक्टरांनी 'घरी न्या' म्हटलं, आणि आता हा माणूस गेट लावून उभा.

त्याच्या बायकोनं, सुमेधानं, पोरीला कापसात, फडक्यात आणि वरून शालीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. जानेवारीतला खाडीवरचा वारा थेट पोर्चमध्ये शिरत होता. दर दोन तासांनी वाटी-चमच्यानं दूध पाजायचं होतं, पुढची वेळ एकची. घड्याळात बारा वीस झाले होते. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

"अहो, तिची आई उभी आहे समोर!" श्यामसुंदर ओरडला.

"आई हाय, मी कवा नाय बोल्लू? पन परवाच मोठ्या साहेबांनी हुकूम केलाय. कागुद आनि पोर जुलल्याबिगार गेट उघरायचा नाय."

"कुठले तुम्ही?"

"करावं गावचा. का?"

"करावेगावात मुलगी ओळखता येत नाही का कुणाला?"

"वलखता येते. म्हनून तं अरवलाय."

श्यामसुंदर कागद हिसकावून काउंटरकडे धावला. काउंटरवर गीतांजली नावाची मुलगी टाइप करत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "फाईलमध्ये आहे तेच टाइप केलंय, सर."

"मग फाईल चुकलीय!"

"फाईल कशी चुकेल? बदलायचं तर वॉर्डमधल्या कुणाची तरी सही लागेल. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत."

"कधी सुटतील?"

"ऑपरेशन संपलं की."

श्यामसुंदरनं काउंटरवर मूठ आपटली. पेन उडालं, टाचण्यांची डबी सांडली. मागं रांगेतले लोक पुढे सरकले. टाचण्या गोळा करता करता गीतांजलीला काहीतरी सुचलं, आणि ते तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून टाकलं.

"सर, आज आयसीयूतून अजून एक डिस्चार्ज आहे. मेल बेबी. अदलाबदल तर नाही ना झाली? तुमचा मुलगा वरतीच असेल."

सुमेधानं आधी पोरीकडे पाहिलं, मग सासूकडे. सातव्या महिन्यात याच सासूबाईंनी पनवेलच्या ज्योतिषाकडून 'मुलगाच' असं वदवून आणलं होतं, आणि पोरगी झाली तेव्हा दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या.

"ए पोरी," प्रेमलाबाई काउंटरपाशी आल्या. "तुमचा मुलगा तुमच्यापाशी ठेवा. आमची हीच. कळलं? एक्केचाळीस दिवस बस बदलून डबा घेऊन येत्येय मी, ते काय तुझ्या वरच्या मजल्यावरच्या मुलासाठी?"

सुमेधा सहसा कुणाला दुखवून बोलत नसे. पण आज सासूबाईंनी तोंड उघडलं आणि तिचाही बांध फुटला.

"दर दोन तासांनी दूध काढून दिलंय मी! झोपेतून उठून, टाके ओले असताना! माझी पोर कोणती हे मला तुमचा टाइपरायटर सांगणार?"

"बरोबर आहे ताई," रांगेतला एकजण म्हणाला.

पाठिंबा मिळाल्यावर श्यामसुंदर खुर्चीवरच चढला. "कुणी लिहिलंय हे मेल? त्या माणसाला माझ्यासमोर उभा करा! मी काट्यावर एका ट्रकचा नंबर चुकवला तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील मला. इथं मुलीला मुलगा करून टाकतात आणि कुणाला लाज नाही! असल्या बेअक्कल माणसाला पेन कुणी दिलं हातात?"

"हाकला त्याला!" रांग म्हणाली. गेट सोडून आलेला वॉचमनही म्हणाला, "खरा हाय. हाकलाच."

एवढा आरडाओरडा ऐकून सफिया सिस्टर जिन्यातून खाली आल्या. ड्यूटी संपवून, पर्स खांद्याला लावून त्या घरी निघाल्या होत्या. त्यांनी सुमेधाच्या हातातली शाल दोन बोटांनी बाजूला केली, पोरीचं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "सुमेधाचीच आहे ही. नाक बघा, बापासारखं फुगवते. फाईल आणा."

गीतांजलीनं फाईल दिली. सिस्टरनं पहिलं पान उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्चीवरच्या माणसाकडे मान वर करून पाहिलं.

"सावर्डेकर, खाली उतरा."

"का? मी नाही उतरणार. आधी तो माणूस..."

"उतरा म्हणते ना!"

तो उतरला. सिस्टरनं फॉर्मवर बोट ठेवलं. पोर जन्मली त्या दिवशी, तिला काचेपलीकडे नेल्यावर, कुणीतरी त्याच्या हातात हा फॉर्म दिला होता. तो त्यानं काचेकडे बघत बघतच भरला होता. निळ्या शाईत, वजनकाट्यावरच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: बाळाची माहिती. लिंग – पुरुष. वय – एकतीस. व्यवसाय – नोकरी. खाली सही, श्यामसुंदर वि. सावर्डेकर.

"एकतीस वर्षांचं, नोकरीला असलेलं बाळ," सिस्टर म्हणाल्या. "असं एकच आहे आमच्याकडे. हे उभं आहे."

गीतांजली हळूच म्हणाली, "वय मी टाइप केलं नाही, सर. मला वाटलं, दिवस असतील."

रांगेतला मघाचा माणूस भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागला. सिस्टरनं मेलवर रेघ मारून फीमेल लिहिलं, सही ठोकली आणि कागद वॉचमनच्या छातीवर चिकटवल्यासारखा दिला. त्यानं एकेक अक्षर लावून वाचलं, कडी काढली आणि सुमेधाला वाट देत मनापासून म्हणाला, "पोरी आयशीवर गेली तं बरा."

टॅक्सीत सुमेधा एकच वाक्य बोलली. "घरी चला. मग बघते."

नेरूळला तिसऱ्या मजल्यावर पोहोचायला एक वाजून दहा झाले. दार लागल्याबरोबर सुमेधानं सुरुवात केली. "दुसऱ्याला बेअक्कल म्हणता? खुर्चीवर चढून? माझी पोर तिकडे वाऱ्यात..."

तेवढ्यात दुधाला उशीर झालेल्या पोरीनं तोंड उघडलं. काचेपलीकडे श्यामसुंदरनं ते तोंड कितीतरी वेळा उघडलेलं पाहिलं होतं, आवाज कधी ऐकला नव्हता. सुमेधानं ऐकला होता, पण तो मांजराच्या पिल्लाइतका. आता जो आवाज आला त्यात सुमेधाची पुढची तीन वाक्यं कुणालाच ऐकू गेली नाहीत. प्रेमलाबाई वाटी-चमचा शोधायला धावल्या आणि घाईत दोनदा चमचा पाडला.

पाच मिनिटांत दाराची बेल कर्कश वाजली. दारात खालच्या मजल्यावरचा मुख्तार उभा होता, डोळे लाल, बनियन उलटं. तळोज्याच्या कारखान्यात त्याची रात्रपाळी चालू होती.

"काय लावलंय हे, सावर्डेकर? रात्रभर बॉयलरसमोर उभा राहून आलोय मी! दुपारी माणसानं झोपायचं का नाय?"

श्यामसुंदर उंबऱ्यापर्यंत पुढे आला. "खाली ऐकू येतं?"

"ऐकू येतं? भिंत हलतेय आमची!"

"दार लावून?"

"दार लावून, पंखा लावून, कानावर उशी घेऊन! थट्टा करताय काय?"

"सुमेधा!" श्यामसुंदर आत वळून ओरडला. "ऐकलंस का? खालपर्यंत जातोय! दार बंद, कानावर उशी, तरी जातोय!"

आतला आवाज थांबला. म्हणजे सुमेधाचा, पोरीचा चालूच होता. प्रेमलाबाई ओला चमचा हातात घेऊन बाहेर आल्या. "उशी घेऊनसुद्धा?" त्यांनी मुख्तारला विचारलं, आणि पदर डोळ्यांना लावला.

मुख्तारला काहीच कळेना. "अहो, मी तक्रार करायला आलोय," तो म्हणाला आणि नीट तक्रार करता यावी म्हणून एक पाऊल आत टाकू लागला. श्यामसुंदरनं दोन्ही हात आडवे केले.

"आत नको, मुख्तारभाई. डॉक्टरांनी महिनाभर कुणाला घेऊ नका म्हटलंय. इथंच उभं राहून करा. पण जरा मोठ्यानं बोला हं. तिच्या आईला आत ऐकू गेलं पाहिजे."