वाटणीतल्या घुशी

साळूबाईच्या अंगणात घुशींनी सहा बिळं पाडली होती आणि भिंतीपलीकडे, धाकट्या जावेच्या अंगणात, एकही नव्हतं. घुशी तिनं एक वेळ सोसल्या असत्या. हे मात्र सोसवत नव्हतं.

"वाटणीत चांगलं सगळं अनिताकडं गेलं आन् घुशी तेवढ्या आपल्याला," ती नवऱ्याला म्हणाली.

भिमाजी भाकरी मोडत बोलला, "घूस शहाणी असती. तिला अनिताकडं खरकटं घावत न्हाई."

त्या दिवशी भिमाजीला दुसरी भाकरी मिळाली नाही.

खरं दुखणं वेगळंच होतं. केंदुरात दर वर्षी सुंदर अंगणाची स्पर्धा व्हायची आणि पहिल्या नंबराला नाव कोरलेलं पितळी घंगाळ मिळायचं. अनितानं ते दोनदा पटकावलं होतं आणि दोन्ही घंगाळं ओट्यावर, नाव रस्त्याकडे करून मांडली होती. साळूबाई येता-जाता ते नाव वाचायची आणि दोन्ही वेळा तिच्या पोटात दुखायचं. यंदा मात्र देव पावला होता. अनिताची पाण्याची मोटार जळली होती, तिच्या शेवंतीनं माना टाकल्या होत्या. नेमक्या तेव्हाच मेल्या घुशी उपटल्या!

साळूबाईनं आधी मिरच्यांची धुरी दिली. घुशी ढिम्म हलल्या नाहीत. ठसका लागला तो तिलाच. मग तिला नामी युक्ती सुचली. पाच बिळं दगड ठोकून बुजवायची आणि भिंतीलगतच्या सहाव्यात पाईप सोडायचा. भिजलेल्या घुशी भिंतीखालून जावेकडे जातील, नाहीतर जातील कुठे?

तीन दिवस लाईट आली की ती पाईप बिळात खुपसून मोटार चालू करायची. बीळ आपलं पाणी पितच होतं.

"अगं, कांद्याला पाणी कवा द्यायचं?" भिमाजी कळवळला.

"दोन दिवसांत मरत न्हाई कांदा!"

घुशी वैतागून निघाल्या खऱ्या, पण कोरड्या जागेकडे. चौथ्या दिवशी ग्रामसेवक आणि सरपंचबाई पाहणीला आले, तेव्हा साळूबाईचं अंगण तुळशीपाशी हातभर खचलं होतं आणि सातवं बीळ स्वयंपाकघरात निघालं होतं. पलीकडे अनिताची शेवंती ताठ उभी होती. सगळं पाणी भिंतीखालून थेट तिच्या मुळांशी पोचलं होतं.

आठवड्यानं ग्रामसभेत घंगाळ तिसऱ्यांदा अनितानं घेतलं. तिचे डोळे भरून आले.

"मोटार जळली तवा वाटलं, संपलं. पर आमच्या आक्कांनी कुणाला न सांगता भिंतीखालनं पाणी सोडलं. सोताचं अंगण खचवून घेतलं. ह्या घंगाळाचा मान त्यांचाच हाय."

आणि तिनं घंगाळ साळूबाईच्या हातात दिलं. गावानं टाळ्या वाजवल्या. साळूबाईला रडूच फुटलं. जावाजावांची ती माया बघून सरपंचबाईंनीही डोळ्याला पदर लावला.

संध्याकाळी घंगाळ साळूबाईच्या ओट्यावर चढलं. भिमाजीनं ते तिन्ही बाजूंनी न्याहाळलं.

"अगं, नाव भिंतीकडं का केलंस?"

"उन्हानं अक्षरं उडत्यात," साळूबाई म्हणाली आणि तिनं घंगाळ भिंतीला आणखी चिकटवलं.