मगदूम सरांचा कंट्रोल

मिसळीच्या दुकानात मगदूम सर आधी नुसता पाव खातात. मग दुसरा पाव कटात बुडवतात. "तिखट कटाचं का पावाचं, कसं कळायचं? ताडून बघायला कंट्रोल नको?"

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मी प्रयोगशाळांना माल पुरवतो. मूळचा हुपरीचा. सायकलवर बर्फाची पेटी बांधून धंदा उभा केलाय. मालाला कुणी नाव ठेवलं की डोकं सटकतं. सरांनी ठेवलं, तेही अख्ख्या कॉलेजासमोर.

सर कोंबडीच्या अंड्यातलं वाढतं पिल्लू तपासायचे. त्याच्या पंखाच्या कोवळ्या कळीत, एका कडेला एक प्रथिन तयार होतं. पंखाच्या हाडांत कुठलं बोट कुठं यायचं, ते हे प्रथिन ठरवतं. डोळ्यांना ते दिसत नाही. अँटिबॉडी त्याला नेमकी जाऊन चिकटते आणि तेवढी जागा सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. ती अँटिबॉडीची नळी माझी.

पहिल्या नळीच्या वेळी मीही डोळा लावला. लख्ख हिरवं!

"सर, पेटलं की सगळं!"

"त्येच तर वाईट हाय. ही कंट्रोलची काच. हितं ते प्रथिन न्हाईच, तरी पेटलंय. सगळ्याला व्हय म्हणणारा साक्षीदार काय कामाचा? घेऊन जावा ही."

"बर्फातनं आणलीय मी!"

"बर्फाचा कंट्रोल कुठाय?"

शिपायासकट सगळे हसले. तो राग मी कंपनीवर काढला. फोनवर अशी घासाघीस केली, की तिथला साहेब शेवटी दुसऱ्या घाण्यातली नळी पाठवायला कबूल झाला. वेळ कमी होता. महिनाअखेरीला सर निवृत्त होणार, प्रयोगशाळेला कुलूप लागणार. एवढ्या वर्षांचं काम त्या एका नळीवर अडलेलं.

नळी आली. सरांनी काचा तयार केल्या आणि मलाच पुढं बसवलं.

"बघा. कुठली काच कंट्रोलची, सांगणार न्हाई."

"मीच का? पोरं हायत की तुमची."

"पोरं मी म्हणेन त्याला माना डोलवत्यात. प्राध्यापकबी. तुम्ही तेवढं भांडता."

पहिली काच लावली. "सर, मिट्ट काळोख हाय."

सरांनी काच काढून घेतली.

दुसरी लावली. काळोखात कळीच्या एका कडेला, करंगळीच्या बाजूला, नखाच्या कोरीएवढी हिरवी रेघ!

"हाय सर! हितंच हाय! बाकी कुठंच न्हाई!" मी स्टूल पाडून उठलो.

सरांनी डोळा लावला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "काळी काच कंट्रोलची. नळी खरं बोलतीया," एवढंच म्हणाले. माझी माफी मात्र मागितली नाही. ते मी विसरलेलो नाही.

निवृत्तीनंतर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "त्या नळीत गडबड वाटतीया. घरी येऊन भांडून जावा."

मी तावातावानं गाडी काढली. दसरा चौकात आल्यावर डोक्यात उजेड पडला. प्रयोगशाळेला कुलूप. सूक्ष्मदर्शक कॉलेजात. मग सरांनी नळी तपासली कशात?

तरी गेलो. घरात सर एकटेच. टेबलावर नळी नव्हती, चहा होता. एक घोट घेतला आणि ओरडलो, "सर, साखर केवढी ही!"

सरांचा चेहरा खुलला. ओट्यावरून त्यांनी दुसरा कप आणून ठेवला. बिनसाखरेचा. करून ठेवून बराच वेळ झाला असावा, पार गार झाला होता.

"हा कंट्रोल," ते म्हणाले. "आता भांडा."